हाक ऐकू येते, पण उठवत नाही

प्रश्न : ताई, आम्ही नागपूरचे. माझे मिस्टर बुटीबोरी एमआयडीसीत पाळीने कामाला आहेत. पाळी बदलली की झोप लागत नाही म्हणून त्यांनी भांगेची गोळी सुरू केली; एक मित्र उज्जैनहून आणून देतो. आता वर्ष झालं, रोज जेवणानंतर घेतात. मागच्या महिन्यात अडीच वर्षांच्या मुलीला रात्री एक वाजता ताप चढला. मी त्यांना हलवून हलवून दमले. शेवटी शेजारच्या काकांसोबत दवाखान्यात गेले. सकाळी म्हणाले, "ऐकू येत होतं गं, पण हातपायच उचलत नव्हते." सासूबाई म्हणतात, महादेवाचा प्रसाद आहे, दारू तर पीत नाही ना. त्यांचं खरं मानू का? की काही दिवस माहेरी जाऊ?

उत्तर : तापलेलं लेकरू कडेवर आणि घरचा माणूस जागचा हलत नाही, ही रात्र तू एकटीने काढलीस. त्याचा राग येणं अगदी रास्त आहे. पण तुझ्या नवऱ्याने सांगितलं ते खरं असू शकतं. भांगेतलं टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, मेंदूच्या ज्या भागांवर काम करतं, त्यांत हालचाल आणि तोल सांभाळणारे भाग येतात. म्हणून शब्द कानावर पडतात, पण अंग उचलत नाही. उठून बसलं तर रक्तदाब एकदम खाली येऊन चक्करही येते.

गोळी पोटातून जाते, हे जास्त वाईट. ओढलेला गांजा काही मिनिटांत चढतो आणि दोन-तीन तासांत बराचसा उतरतो. खाल्लेली भांग यकृतातून जाते, तिथे तिचं आणखी कडक रूप तयार होतं, आणि चढायलाच अर्धा ते दोन तास लागतात. साडेनऊला जेवून घेतलेली गोळी मध्यरात्रीच्या सुमारास ऐन भरात असते. मुलीला ताप चढला तो नेमका याच वेळी. पहाटे पहिल्या पाळीला निघतानाही अंमल पुरता उतरलेला नसतो. वर्धा रोडवर ते गाडी चालवत असतील, तर मला त्याची धास्ती जास्त वाटते. गोळी घेतलेल्या रात्रीनंतर पहाटे गाडी नको, कंपनीच्या बसने जाऊ दे. आणि वर दारू किंवा झोपेची गोळी तर मुळीच नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ती गोळ्यांची डबी आजच्या आज घराबाहेर काढायला सांग. भांगेची गोळी चूर्णाच्या गोळीसारखी दिसते आणि तुमच्या घरात अडीच वर्षांचं मूल आहे. मोठ्या माणसाला जिथे नुसती गुंगी येते, तिथे एवढं लेकरू बेशुद्ध पडू शकतं, त्याचा श्वासही मंदावू शकतो. कधी मुलगी अवेळी झोपाळली, झोकांड्या देऊ लागली, हाकेला डोळे उघडेना, तर ताक-लिंबू पाजत बसू नकोस, उलटी काढू नकोस. थेट दवाखाना किंवा 108. आणि डॉक्टरांना 'भांग' हा शब्द पहिल्या वाक्यात सांग. लाजेपोटी तो लपवला तर ते मेंदूज्वर शोधत बसतात.

सासूबाईंच्या श्रद्धेशी भांडू नकोस. महाशिवरात्रीचा घोट आणि वर्षभर रोज रात्रीची गोळी, यांतला फरक त्यांनाही कळतो. ती डबी नातीच्या हाती लागली तर काय होईल ते सांग, समजतील. कायद्याचंही कानावर घाल : मध्य प्रदेशात परवान्याची दुकानं असली, तरी महाराष्ट्रात विनापरवाना भांग बाळगणं हा गुन्हा आहे.

मिस्टरांशी बोलायचं ते सुट्टीच्या दिवशी, सकाळी, अंमल उतरलेला असताना. 'नशेडी' म्हणू नकोस. त्यांची मूळ तक्रार झोपेची आहे आणि ती खरी आहे. आठवड्याला पाळी बदलणाऱ्यांची झोप मोडतेच. गोळीने ते आडवे पडतात, पण रोजच्या सवयीने तिचा असर कमी होतो आणि मग एकाच्या दोन होतात. नागपूरच्या मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या, मानसोपचार विभागात दोघंही जा. ते घोरतात का, श्वास अडकतो का, हेही डॉक्टरांना सांगा. आधी फोनवर बोलायचं असेल तर 14416 ही टेलि-मानसची, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीची, मोफत सेवा आहे, आणि व्यसनासाठी 14446.

माहेरी जायचं असेल तर खुशाल जा, पण वेळ बघून. गोळी बंद केल्यावर पहिला आठवडा अवघड असतो : झोप लागत नाही, चित्रविचित्र स्वप्नं पडतात, घाम येतो, चिडचिड होते, जेवण जात नाही. झोपेची तक्रार तर काही आठवडेही टिकते. हे उतरतं, पण त्या दिवसांत 'बघ, गोळीशिवाय मला झोप नाही' म्हणून माणूस परत डबीकडे वळतो. त्या आठवड्यात तू घरी असलीस तर त्यांना आधार होईल. मुलीला रात्री सासूबाईंकडे झोपव. मात्र चिडून त्यांनी हात उगारला, किंवा डबी पुन्हा घरात दिसली, तर मला विचारायला थांबू नकोस. मुलीला घे आणि निघ.