पहिले चार दिवस कुठे गेले?

प्रश्न: मी बार्शीला प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. मुलीची बारावी गेल्या वर्षी झाली, विषय पीसीएमबी (भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र). एक वर्ष गॅप घेऊन नीट पुन्हा दिली, पण सरकारी एमबीबीएसला पुरतील एवढे मार्क नाहीत. मधल्या काळात माझ्या बहिणीला ३१ व्या आठवड्यातच बाळ झालं, १६०० ग्रॅमचं. पाचव्या दिवशी त्याला सोलापूरला हलवलं. तिथे महिनाभर काचेत होतं, आता छान आहे. लेकीने तेव्हा केसपेपर बघून त्याचं रोजचं वजन, ऑक्सिजन, दूध यांची एक्सेल शीट केली. तेव्हापासून तिचं एकच चाललंय. सगळ्या हॉस्पिटलांच्या अशा शीट एकत्र केल्या तर कुठलं हॉस्पिटल वाईट ते कळेल आणि बाळं वाचतील, मला हेच काम करायचंय, म्हणते. तिचे वडील म्हणतात बीएएमएसला घालू. दीर म्हणतात पुण्यात सहा महिन्यांचा डेटा सायन्सचा कोर्स करा, पॅकेज मिळतं. डॉक्टर न होता अशा कामात नोकरी असते का? आणि लोकांच्या मुलांची माहिती अशी वापरता येते का?

उत्तर:

ताई, नमस्कार. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की, बाळ पंचवीस दिवसांचं असताना डोळ्यांचे डॉक्टर येऊन त्याचा पडदा तपासून गेले, 'डोळ्याला तर काहीच झालं नव्हतं, मग कशाला कोण जाणे.' मी तिथूनच सुरू करतो, कारण तुमच्या लेकीला जे काम करायचंय ते त्या तपासणीमागेच आहे.

दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्या पूर्ण पसरलेल्या नसतात. त्याला गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन मिळाला तर त्यांची वाढ थांबते, पुढे त्या वेड्यावाकड्या वाढतात आणि काही बाळांमध्ये पडदाच ओढून काढतात. १९४० च्या दशकात हे कुणालाच माहीत नव्हतं. १९४२ साली बोस्टनच्या डॉ. थिओडोर टेरी यांनी या आजाराची पहिली नोंद केली आणि पुढच्या दहाबारा वर्षांत जगभरात सुमारे दहा हजार मुलं आंधळी झाली. जिथे बाळांच्या काचेच्या पेट्या चांगल्या, ऑक्सिजन मुबलक, तिथेच जास्त. डॉक्टर प्रामाणिकपणे बाळाला जगवायला धडपडत होते. पण एकेका हॉस्पिटलात अशी बाळं मोजकीच. आठ-दहा बाळांवरून कारण कुणाला कळणार? कुणी म्हणे जीवनसत्त्व कमी पडलं, कुणी म्हणे उजेडाने झालं. मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी १९५१ साली ऑक्सिजनवर बोट ठेवलं, तरी सगळ्यांना ते पटलं नाही.

मग अमेरिकेतली १८ हॉस्पिटलं एकत्र आली. १९५३-५४ मध्ये सगळ्यांनी एकाच नमुन्यात नोंदी ठेवल्या, काही बाळांना नेहमीसारखा भरपूर ऑक्सिजन दिला, बाकीच्यांना गरजेपुरताच. ७८६ बाळं होती. वर्षभरात निकाल स्पष्ट झाला की भरपूर ऑक्सिजन देणं हेच अंधत्वाचं मोठं कारण होतं. ऑक्सिजनला कात्री लागली आणि आंधळ्या होणाऱ्या मुलांची संख्या झपाट्याने उतरली.

इथवरचा भाग सगळे सांगतात. पुढचा तुमच्या लेकीने नीट वाचावा. त्या अभ्यासात फक्त ४८ तास जगलेलीच बाळं घेतली होती. पहिल्या दोन दिवसांत गेलेली बाळं तक्त्यात आलीच नाहीत. त्यामुळे 'ऑक्सिजन कमी केला तरी मृत्यू वाढत नाहीत' असं दिसलं. हॉस्पिटलांनी मात्र ते जन्मल्याच्या मिनिटापासून लागू केलं. ज्या बाळांना पहिल्या दोन दिवसांत ऑक्सिजनची सगळ्यात जास्त गरज होती, त्यांचाच तोडला गेला. १९७० च्या दशकात ब्रिटिश संशोधकांनी हिशोब मांडला की अंधत्वातून वाचलेल्या एकेका मुलामागे सुमारे सोळा बाळं दगावली असावीत. अंदाजच आहे तो, पण तो वाचल्यापासून कुठलाही तक्ता समोर आला की मी आधी विचारतो, यात कोण आलेलंच नाही?

आता तुमच्या भाच्याच्या पंचविसाव्या दिवसाकडे येऊ. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे १५०० ग्रॅमपर्यंतच्या किंवा ३० आठवड्यांपर्यंत जन्मलेल्या बाळांची ही तपासणी ठरलेली असते. तुमचा भाचा ३१ आठवड्यांचा, १६०० ग्रॅमचा. डॉक्टरांना वेगळी शंका आल्याशिवाय तिथे त्याचा पडदा कुणी बघितला नसता. आपल्याकडे मात्र २००० ग्रॅमच्या आतली किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेली सगळी बाळं बघायची, तीही तीस दिवसांच्या आत, असा नियम आहे. कारण इथल्या हॉस्पिटलांच्या नोंदी बघितल्यावर लक्षात आलं की आपल्याकडे मोठ्या वजनाच्या बाळांनाही हा आजार होतो. तिकडचा नियम जसाच्या तसा उचलला असता तर कितीतरी मुलांची तपासणी राहून गेली असती. डोळ्याला काही झालं नव्हतं तरी डॉक्टर का आले, त्याचं उत्तर हे आहे. कुणाकुणाच्या बाळांच्या नोंदी तुमच्या भाच्याच्या कामी आल्या.

लेकीच्या वाक्यातला एक शब्द मात्र मी खोडणार आहे. 'कुठलं हॉस्पिटल वाईट ते कळेल.' सोलापूरच्या हॉस्पिटलात बार्शीहून, तुळजापूरहून, अक्कलकोटहून अत्यवस्थ बाळं रेफर होतात. जिथून रेफर झाली तिथला मृत्यूचा आकडा छान राहतो, कारण बाळ तिथे दगावलंच नाही. आकडे नुसते शेजारी-शेजारी मांडले तर अवघड बाळं घेणारं हॉस्पिटलच सगळ्यात वाईट दिसेल आणि पुढच्या वर्षी ते अवघड बाळं घ्यायला कचरेल. म्हणून बाळाचं वजन, आठवडे, आलं तेव्हाची अवस्था हे सगळं हिशोबात धरून तुलना करावी लागते. हे खास शिकावं लागतं, सहा महिन्यांच्या कोर्समध्ये येत नाही.

उलटंही होतं बरं का. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या हॉस्पिटलात लहान मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रियांचे निकाल वाईट लागत होते. स्टीफन बोल्सिन नावाच्या भूलतज्ज्ञाने स्वतःच मोजदाद सुरू केली, वरिष्ठांना सांगितलं, पण कुणी फारसं मनावर घेतलं नाही. २००१ साली चौकशीचा अहवाल आला. १९९१ ते १९९५ या काळात एक वर्षाच्या आतली मुलं इतर ठिकाणी जेवढी दगावली असती, त्यापेक्षा ३० ते ३५ जास्त दगावली होती. आकडे होते, पण ते एकत्र ठेवून बघणं हे कुणाचंच काम नव्हतं. तुमच्या लेकीला जी नोकरी हवी आहे, ती अशी रिकामी होती.

आपल्याकडे हे काम नवं नाही. नॅशनल निओनॅटॉलॉजी फोरम या नवजात बाळांच्या डॉक्टरांच्या संघटनेच्या पुढाकाराने २००२-०३ मध्ये देशातल्या १८ संस्थांनी (योगायोगाने इथेही अठराच) जवळपास दीड लाख जन्मांच्या नोंदी एका नमुन्यात गोळा केल्या. २०११ ते २०१४ या काळात दिल्लीतल्या तीन मोठ्या हॉस्पिटलांनी एनआयसीयूतल्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या) १३,५३० बाळांच्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा दिसलं की जंतुसंसर्गाचा मोठा भाग पहिल्या तीन दिवसांतच होतो आणि त्यातल्या बऱ्याच जंतूंना नेहमीची औषधं लागूच पडत नाहीत. जिल्हा रुग्णालयांतल्या एसएनसीयूमध्येही (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षांतही) आता नोंदी ऑनलाइन भरतात.

आणि बार्शीचं तर सांगायलाच हवं. भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली तुमच्याच गावात, नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलात सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतली गावं तिने धरली. शहरात हॉस्पिटलांच्या कागदांवरून नोंदणी चालते. खेड्यातला माणूस हॉस्पिटलापर्यंत पोचतोच असं नाही, म्हणून इथले कर्मचारी गावोगाव फिरले, माणसांशी बोलले, संशयित रुग्ण शोधले. विषय मुलांचा नाही, पण 'तक्त्यात कोण नाही' याचं उत्तर पायाने शोधायची रीत तुमच्या वेशीवरच आहे. लेकीला घेऊन तिथे जा, हे काम करणारं कुणी भेटतं का बघा. माझ्या पत्रापेक्षा त्या अर्ध्या तासाचा उपयोग जास्त होईल.

प्रत्यक्ष काम कसं असतं? माझा एक जुना विद्यार्थी बालरुग्णांच्या एका नोंदणी प्रकल्पात आहे. तो म्हणतो, निम्मा दिवस 'बेबी ऑफ'मध्ये जातो. बारसं होईपर्यंत बाळाला स्वतःचं नावच नसतं, कागदावर 'बेबी ऑफ सुनीता'. त्याच दिवशी वॉर्डात तीन सुनीता. जुळं असेल तर ट्विन वन, ट्विन टू, आणि बदलीच्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत वन आणि टूची अदलाबदल. एका हॉस्पिटलात वजन १.६, दुसऱ्यात १६००, तिसऱ्यात चुकून १६०. कुणी आठवडे पाळीवरून मोजलेले, कुणी सोनोग्राफीवरून. हे सगळं निस्तरल्याशिवाय संगणकाला काही विचारायचं नसतं. तुमच्या लेकीला यात मजा वाटत असेल तर ती या कामाची. कंटाळा आला तर आत्ताच कळलेलं बरं.

शिक्षणाचं सांगतो. 'उगाच चौथा विषय घेतला, गणिताचं ओझं झालं,' असं तुम्ही लिहिलंय. तेच ओझं आता तिकीट आहे. बीएस्सी स्टॅटिस्टिक्सला बहुतेक ठिकाणी बारावीचं गणित लागतं; नुसती जीवशास्त्राची मुलं तिथेच अडतात. तिने सोलापुरात किंवा पुण्यात बीएस्सी स्टॅटिस्टिक्स करावं. त्यानंतर एमएस्सी बायोस्टॅटिस्टिक्स, म्हणजे आरोग्याच्या आकड्यांचं संख्याशास्त्र. मुंबईत देवनारच्या आयआयपीएस या लोकसंख्या-अभ्यास संस्थेत हा विषय लोकसंख्याशास्त्राबरोबर शिकवतात, वेल्लोरच्या सीएमसी या वैद्यकीय महाविद्यालयातही आहे. आजार समाजात कसे पसरतात याची ओढ जास्त असेल तर पदवीनंतर मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ करता येतं, मुंबईत टिसमध्ये (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत) किंवा चेन्नईत आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) साथरोगशास्त्र संस्थेत. प्रवेशाचे नियम त्या-त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघा, माझ्यावर विसंबू नका.

दिरांचा कोर्स वाईट नाही, पण तो नंतरचा. एक्सेल, आकडेमोडीची 'आर' आणि पायथन ही साधनं, हे सगळं पदवीच्या काळात होऊन जातं, आणि 'आर' तर फुकट आहे. पुण्यात आणि नवी मुंबईत 'मेडिकल कोडिंग'च्या जाहिराती दिसतील. तिथे बहुतांश काम अमेरिकेतल्या विम्याच्या बिलांचं असतं. पोटासाठी ठीक, पण बाळं वाचवायची म्हणून तिथे गेली तर हिरमुसेल. बीएएमएसबद्दल तिच्या वडिलांना एवढंच विचारा की वैद्य व्हायची इच्छा कुणाची आहे. तिला रुग्णाजवळ राहायचं असेल तर बीएस्सी नर्सिंग हा तितकाच चांगला रस्ता आहे. नर्सने वेळेवर लिहिलं नाही तर आमच्या या सगळ्या शहाणपणाला बूडच नाही, शिवाय संशोधन प्रकल्पांना अनुभवी नर्स हव्याच असतात.

नोकरी असते. बायोस्टॅटिस्टिशियन, डेटा मॅनेजर, रिसर्च कोऑर्डिनेटर अशा नावांनी जागा निघतात, मोठ्या हॉस्पिटलांत, वैद्यकीय महाविद्यालयांच्या प्रकल्पांत, आयसीएमआरच्या संस्थांत, औषध कंपन्यांत. पगार कंपन्यांत बरा. सरकारी आरोग्य अभियानात आणि संशोधन प्रकल्पांत नेमणुका बहुधा कंत्राटी, प्रकल्प संपला की पुढचा शोधायचा. हे वडिलांपासून लपवू नका. एमएस्सी होईपर्यंत पाच वर्षं जातील, तोवर आयटीतली भावंडं गाडी घेतील.

माहिती वापरण्याबद्दल. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत पालकांची संमती धरली आहे. संशोधनाला वेगळी तरतूद आहे, पण तिलाही अटी आहेत. हॉस्पिटलातल्या संशोधनाला नैतिकता समितीची परवानगी लागते, नावं-पत्ते काढून टाकतात. तरी लहान गावात तेवढ्याने भागत नाही. 'तिळी मुलं, बार्शी, २०२१' एवढं लिहिलं की सगळ्या गल्लीला घर कळतं. अशी ओळ कधी झाकायची, कधी दोन तालुके मिळून दाखवायची, हाही तिच्या अभ्यासाचाच भाग असेल.

सुट्टीत एक करू द्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे जिल्हावार तक्ते सगळ्यांना मोफत बघता येतात. सोलापूरचा २०१५-१६ चा आणि २०१९-२१ चा तक्ता तिने शेजारी ठेवावा, मुलांविषयीची एकच ओळ निवडावी आणि ती का बदलली असेल यावर एक पान लिहावं. लिहिताना तीन वेळा 'हे यावरून सांगता येत नाही' असं आलं, तर मला आनंद होईल.

आणि ती एक्सेल शीट मला बघायला आवडेल. तुमच्या बहिणीला विचारून, बाळाचं नाव आणि केसपेपरचा नंबर काढून पाठवा. बार्शीतले कागद मिळाले नाहीत म्हणून तिने शीट पाचव्या दिवसापासूनच सुरू केली, असं तुम्ही लिहिलंय. पाठवण्याआधी तिला वर चार ओळी घालायला सांगा. दिवस पहिला ते चौथा. रकाने रिकामे राहू देत, फक्त शेवटच्या रकान्यात का रिकामे ते लिहू दे.