जुन्या झेनमध्ये स्कॅनरवर कुलंट टेंपरेचर ५२ च्या वर जात नाही, सेन्सर बदलला तरी तेच, आता काय करू?

तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं दिसतं: मारुती सुझुकीची २००४ ची पेट्रोल झेन, ॲव्हरेज पडलंय, प्लग काळे येतात, गरम इंजिनवर स्कॅनर ५२ डिग्रीवर अडकतो, डॅशबोर्डचा काटा मात्र नेहमीसारखा मध्यावर, सकाळी थंड गाडीत आकडा जवळपास बरोबर, आणि नवीन सेन्सर टाकूनही फरक शून्य. आता गॅरेजवाला अजून एक सेन्सर घ्या म्हणतोय. कृपया घेऊ नका. सेन्सर खराब असता तर नवा लावल्यावर आकडा थोडा तरी हलला असता ना, दोन वेगळे सेन्सर अगदी सारखंच खोटं बोलतील हे फार अवघड आहे.

आधी एक गोष्ट, काटा आणि स्कॅनर एकाच ठिकाणाहून माहिती घेत नाहीत. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत दोन वेगळे नग असतात, एका वायरचा सेंडर फक्त काट्यासाठी, त्याला अर्थ इंजिनच्या बॉडीतूनच मिळतो, आणि दुसरा दोन वायरचा सेन्सर जो इसीएमला (म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला) सांगतो की पाणी किती गरम आहे. पेट्रोल किती टाकायचं ते या दुसऱ्यावर ठरतं. म्हणून काटा ठीक असून ॲव्हरेज पडू शकतं, त्यात विचित्र काही नाही.

तर पहिलं काम, पाणी खरंच किती गरम आहे ते बघा. गाडी पंधरा-वीस मिनिटं नीट चालवून आणा आणि टेंपरेचर गन थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारा व्हॉल्व्ह) हाउसिंगवर धरा. चकचकीत ॲल्युमिनियमवर गन कमी आकडा दाखवते, तेव्हा आधी, इंजिन थंड असताना, तिथे काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवा आणि गन त्या पट्टीवर मारा. ८० च्या पुढे ९०-९५ पर्यंत काहीही आलं तर इंजिन बरोबर आहे आणि स्कॅनरचा आकडा खोटा. आणि गनसुद्धा ५०-५५ च म्हणाली तर मग सेन्सर बिचारा खरं सांगतोय, थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा तिथे थर्मोस्टॅटच नाहीये. हे मुद्दाम सांगतो कारण आपल्याकडे उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून हाच व्हॉल्व्ह काढून फेकून द्यायची पद्धत बरीच गॅरेजवाले अजून पाळतात आणि मला ती अजिबात पटत नाही, इंजिन कायम अर्धवट गरम राहतं, इसीएमला वाटतं अजून वॉर्मअपच चाललाय, ते जास्त पेट्रोल टाकत राहतं आणि त्यातलं थोडं ऑइलमध्येही उतरतं. जुनी गाडी घेतली असेल तर हे नक्की तपासा. रेडिएटरचं झाकण गरम इंजिनवर उघडू नका, आत प्रेशरखाली शंभरच्या वरचं पाणी असू शकतं.

पण तुमचा काटा मध्यावर येतोय म्हणजे पाणी गरम होतंय, त्यामुळे माझा संशय वायरिंगवर आहे, आणि तुम्ही सकाळचा आकडा बरोबर असतो असं जे लिहिलंय त्याने तो पक्का झाला. कसं ते सांगतो. हा सेन्सर म्हणजे एक रेझिस्टन्स, पाणी तापलं की तो कमी होतो. त्या काळच्या सुझुकीच्या सेन्सरला २० डिग्रीला साधारण २.२ ते २.७ किलोओहम आणि ८० डिग्रीला २९० ते ३५० ओहम मिळायला हवेत, मधे ४० ला साधारण ११०० आणि ६० ला ५८० च्या आसपास. आता समजा कनेक्टरमधल्या गंजामुळे ५०० ओहम जास्तीचे घुसले. सकाळी २४५० च्या जागी २९५० होतात, इसीएमला २० ऐवजी १५-१६ डिग्री दिसतात, कोणाच्या लक्षातही येत नाही. पण ८८ डिग्रीला सेन्सर खरा २५० ओहमचा, त्यात तेच ५०० मिळाले की झाले ७५०, आणि ७५० म्हणजे इसीएमच्या हिशेबात बरोब्बर ५२ डिग्री! थंडीत झाकलेला दोष गरम झाल्यावर उघडा पडतो, आणि सेन्सर कितीही नवा लावा, वाट तीच गंजलेली.

हे सिद्ध करायला मल्टीमीटर घ्या. (स्वस्तातला ब्लूटूथ ओबीडी डोंगल तुमच्या गाडीला बहुतेक जोडलाच जाणार नाही, आपल्याकडे ओबीडी, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष ओळखून सांगायची सोय, सक्तीची झाली ती २०१० पासून बीएस४ गाड्यांना, म्हणून स्कॅनर गॅरेजचाच लागेल.) सेन्सरचा कनेक्टर काढा आणि सेन्सरच्या दोन पिनांवर ओहम मोजा, एकदा सकाळी आणि एकदा गरम इंजिनवर, वरच्या आकड्यांशी जुळले तर सेन्सरला दोष देणं बंद. मग चावी ऑन करून, इंजिन बंद ठेवून, वायरिंगकडच्या कनेक्टरच्या दोन पिनांमध्ये ५ व्होल्टच्या जवळपास मिळतात का बघा. मिळाले तर त्याच दोन पिना बारीक वायरने एकमेकांना जोडा आणि कोणाला तरी स्कॅनर बघायला सांगा. वाट स्वच्छ असेल तर आकडा एकदम १२० च्या आसपास किंवा पुढे उडायला हवा. तो जर ६०-६५ ला थांबला तर समजा चोर सापडला, जास्तीचा रेझिस्टन्स तुमच्या वायरिंगमध्ये किंवा अर्थमध्ये आहे. कनेक्टर नुसता काढून ठेवला की उणे ४० दिसायला हवं, पण काही इसीएम लगेच स्वतःचा ठरलेला आकडा धरतात आणि फॅन लावून टाकतात, त्यामुळे चावी ऑन केल्याकेल्या बघा. यात चेक इंजिनचा लाइट लागेल, घाबरू नका. आणि पिनेत जाड सुई वगैरे खुपसू नका, पिना फाकल्या की नवीनच दुखणं.

दोष असतो कुठे? बहुतेक वेळा कनेक्टरच्या आतच, पांढरी किंवा हिरवी बुरशी धरलेली असते, कोकणात आणि मुंबईच्या पावसात तर फारच, शिवाय सर्व्हिसिंगला इंजिनवर प्रेशरने पाणी मारतात ते आत शिरतं. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, आणि पिना खाल्लेल्या असतील तर नुसतं घासून भागवू नका, कनेक्टरच वायरच्या शेपटीसकट बदला, सोल्डर करून वरून स्लीव्ह. नंतर इसीएमची अर्थ वायर इंजिनला जिथे बोल्टने बसते ती जागा उघडून पॉलिश पेपरने चकचकीत करा. इंजिन चालू असताना सेन्सरची अर्थ पिन आणि बॅटरीचा मायनस यात ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब समजा. उंदरांनी वायर कुरतडलीय का तेही हात फिरवून बघा.

हे लांबणीवर टाकू नका. पेट्रोलपेक्षा मोठी काळजी फॅनची आहे, ज्या गाड्यांत फॅन याच सेन्सरच्या सांगण्यावर लागतो तिथे इसीएमला ५२ दिसत राहिलं तर ट्रॅफिकमध्ये फॅन लागणारच नाही आणि हेड गॅस्केट जाईल. तोपर्यंत काट्यावर लक्ष ठेवा.

सेन्सरचे थंड आणि गरम ओहम, गनचा आकडा आणि पिना जोडल्यावर स्कॅनरने काय दाखवलं, एवढं कमेंटमध्ये टाका, पुढचं बघू.