शेअरपॉइंटच्या एकाच लायब्ररीत प्रत्येकाला फक्त स्वतःचा फोल्डर दिसावा, यासाठी स्क्रिप्ट कशी लिहावी?

आपल्याकडे एकाच लायब्ररीत १४० कर्मचाऱ्यांचे १४० फोल्डर आहेत. प्रत्येकाला स्वतःच्याच फोल्डरमध्ये काम करता यावे, विभागप्रमुखाला तो केवळ वाचता यावा आणि हे सारे हाताने न करता पॉवरशेलने (मायक्रोसॉफ्टच्या आज्ञा लिहून कामे करवून घेण्याच्या साधनाने) व्हावे, असे आपण विचारले आहे. असेच काम मी शेअरपॉइंट ऑनलाइनवर (मायक्रोसॉफ्टच्या फाइली ठेवण्या-वाटण्याच्या ऑनलाइन सेवेवर) दोनदा केले आहे. पहिल्या वेळी ते फसले, आणि ते जिथे फसले तिथेच आपणही अडखळण्याची शक्यता असल्याने त्याविषयी जरा विस्ताराने लिहितो.

साधन पीएनपी पॉवरशेल, म्हणजे पॉवरशेलमध्ये शेअरपॉइंटसाठी जोडायचा आज्ञांचा संच, हेच घ्यावे. जुन्या लेखांतील जोडणीची पद्धत मात्र आता चालत नाही, कारण सर्वांसाठी असलेली सामाईक ॲप नोंदणी ९ सप्टेंबर २०२४ रोजी काढून टाकण्यात आली. तेव्हा आपल्या टेनंटमध्ये (संस्थेच्या मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या जागेत) स्वतंत्र ॲप नोंदवून तिचा क्लायंट आयडी, म्हणजे ओळख क्रमांक, जोडणीच्या आज्ञेत द्यावा लागतो.

कोणता फोल्डर कोणाचा, ही स्क्रिप्टने वाचायची यादी एक्सेलमध्ये करावी आणि ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार निवडून जतन करावी. साध्या सीएसव्हीत फोल्डरांच्या मराठी नावांची प्रश्नचिन्हे होतात.

मुख्य काम ‘सेट-पीएनपीफोल्डरपरमिशन’ ही आज्ञा करते (टंकताना ती अर्थातच रोमन लिपीत लिहावी). तिला लायब्ररीचे नाव, फोल्डरचा मार्ग, व्यक्तीचा ईमेल आणि द्यायची भूमिका एवढे पुरते. मार्ग देताना लक्षात ठेवावे, की पडद्यावर ‘डॉक्युमेंट्स’ दिसणाऱ्या लायब्ररीचा पत्ता बहुधा ‘शेअर्ड डॉक्युमेंट्स’ असा असतो. आज्ञेला ‘क्लिअरएक्झिस्टिंग’ हा पर्याय जोडला की वरून, म्हणजे लायब्ररीकडून, वारशाने आलेल्या परवानग्या तुटतात आणि आधीच्या सर्व परवानग्या पुसल्या जातात. माझी चूक इथे झाली. माझ्या यादीत प्रत्येक फोल्डरसाठी दोन ओळी होत्या, एक कर्मचाऱ्याची व एक प्रमुखाची, आणि दोन्ही ओळींसाठी हाच पर्याय लागू होत होता. परिणामी दुसऱ्या ओळीने पहिलीचे काम पुसले आणि सकाळी प्रमुखांना सर्व फोल्डर दिसत होते, ज्यांचे ते होते त्यांना मात्र एकही नाही. म्हणून दर फोल्डरला एकच ओळ ठेवून फोल्डर, कर्मचारी आणि प्रमुख असे तीन रकाने करावेत. पहिली आज्ञा कर्मचाऱ्यासाठी पुसण्याच्या पर्यायासह द्यावी, दुसरी प्रमुखासाठी त्याच्याविना. याच पर्यायामुळे उपफोल्डरांना वेगळ्या दिलेल्या परवानग्याही नाहीशा होतात, त्यामुळे स्क्रिप्ट पुन्हा चालवण्यापूर्वी तशा परवानग्या कोणी दिल्या आहेत का, ते पाहावे.

वारसा तोडणाऱ्या खात्याला त्या फोल्डरवर आपोआप पूर्ण नियंत्रण मिळते. आपण स्वतःच्या खात्याने स्क्रिप्ट चालवली, तर १४० फोल्डरांवर आपले नाव उरेल. ते शेवटी त्याच आज्ञेच्या ‘रिमूव्हरोल’ या पर्यायाने काढावे. साइट कलेक्शनच्या (लायब्ररी ज्यात आहे त्या संपूर्ण साइटच्या) प्रशासकांपासून मात्र कोणताही फोल्डर लपवता येत नाही, आणि हे वरिष्ठांना आधीच सांगून ठेवलेले बरे.

एका लायब्ररीत स्वतंत्र (वारसा तोडून दिलेल्या) परवानग्यांची कमाल मर्यादा ५०,००० असली, तरी मायक्रोसॉफ्टची शिफारस ५,०००च्या आत राहण्याची आहे. आपल्या १४० फोल्डरांना यातून काही धोका नाही. फक्त लोक एकेक फाइल दुवा पाठवून वाटू लागले की त्याही यात मोजल्या जातात. ज्या फोल्डरमध्येच एक लाखाहून अधिक नोंदी आहेत, त्याचा वारसा तोडता येत नाही, तेव्हा फोल्डर रिकामे असतानाच परवानग्या लावाव्यात.

पहिल्यांदा स्क्रिप्ट तीनच ओळींच्या यादीवर चालवावी आणि लायब्ररीच्या परवानग्यांच्या पानावरील ‘चेक परमिशन्स’मध्ये नावे घालून पाहण्यावर न थांबता, त्या तिघांपैकी एकाला शेजारी बसवून त्याच्याच खात्यातून लायब्ररी उघडायला सांगावे.