नाइट ड्यूटीतली प्रार्थना

प्रिय बाळ,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तरुणांच्या शिबिरातून परतलीस तेव्हा पहाटे आपोआप जाग यायची आणि प्रार्थनेत तास कसा जायचा ते कळायचं नाही. आता हॉस्पिटलातली नाइट संपवून होस्टेलवर आलं की बायबल उघडण्याआधीच डोळा लागतो. लागोपाठ कितीतरी रविवार उपासनेला जाता आलं नाही. आणि वॉर्डातलं ते लेकरू गेल्यापासून तर देवाशी काय बोलावं तेच सुचत नाही. हे सगळं लिहून शेवटी तू विचारलंस, "माझा विश्वास खरा होता, की तो नुसता शिबिरातला भर होता?"

खरा होता. ज्या विश्वासाची ही अशी काळजी वाटते, तो मेलेला नसतो.

शिबिरात जे मिळालं ते देवानंच दिलं, त्याबद्दल शंका घेऊ नकोस. पण तेच रोज मिळत राहील असं वचन त्यानं कुठेही दिलेलं नाही. उज्जीवन सभांत, म्हणजे विश्वास पुन्हा जागा व्हावा म्हणून भरवलेल्या सभांत, आपण ज्या साक्षी ऐकतो त्या बहुतेक एका रात्रीच्या असतात. त्या रात्रीनंतरच्या तीस वर्षांची साक्ष द्यायला सहसा कुणी उभं राहत नाही, कारण तीत सांगण्यासारखं फार नसतं. उठले, प्रार्थना केली, कामावर गेले, संध्याकाळी पुन्हा प्रार्थना केली. माझ्या मते खरी साक्ष हीच आहे.

पंडिता रमाबाईंचं बघ. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेव्हा आपल्याला धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र कितीतरी वर्षांनी भेटला, असं त्यांनी स्वतःच्या साक्षीत लिहून ठेवलंय. 1905 साली त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनात, निराधार बायका-मुलींच्या आश्रमात, मोठं उज्जीवन झालं. मुली रडत होत्या, पापं कबूल करत होत्या, तासन्‌तास प्रार्थनेत बसत होत्या. आपल्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चांत, मुक्तीचं नाव निघालं की हीच गोष्ट सांगतात. मला तिच्या पुढची वर्षं जास्त जवळची वाटतात. बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं होतं आणि साध्यासुध्या बायकांना कळेल अशा मराठीत सगळं पवित्र शास्त्र आणायचं काम हाती घेतलं होतं. ते वर्षानुवर्षं चाललं. ऐकू कमी येत होतं, दुष्काळातून आणलेल्या आणि निराधार अशा शेकडो बायका-मुलींचं खाणंपिणं, आजार, शिक्षण डोक्यावर होतं, आणि त्यातून रोज टेबलाशी बसून एकेक वचन. छपाईचे खिळे जुळवायला, छापायला मुक्तीतल्याच बायका. 1921 साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. तरी काम थांबलं नाही. 1922 च्या एप्रिलमध्ये बाई गेल्या, त्याआधी ते हातावेगळं झालं होतं. रोज सकाळी त्या टेबलाशी बसताना त्यांना 1905 सारखं भरून येत असेल, असं मला वाटत नाही. तरी त्या बसल्या.

तुला माझं एवढंच सांगणं आहे. गोडी वाटो न वाटो, ठरलेल्या वेळी देवापुढे उभं राहायचं. गोडी देणं त्याच्याकडे, उभं राहणं आपल्याकडे.

आता तू म्हणशील, वेळ ठरवू कशी? एक आठवडा मॉर्निंग, एक इव्हिनिंग, मग नाइट. तेव्हा घड्याळातली वेळ धरूच नकोस, ड्यूटीला धर. युनिफॉर्म चढवून झाला की वॉर्डात शिरण्यापूर्वी एक स्तोत्र आणि प्रभूची प्रार्थना. पुढच्या पाळीच्या नर्सला ओव्हर देऊन बाहेर पडलीस की पायऱ्या उतरताना आभार, आणि ज्या खाटेची काळजी मनात राहिली असेल ती देवाच्या हाती. मध्ये रात्री राउंड झाल्यावर जेवायला बसतेस, तेव्हा आणखी एकदा. बायबलातला दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे. पहिल्या शतकांतल्या मंडळ्यांतही प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणायची रीत होती. म्हणजे हे काही मी काढलेलं नाही. तुझी पाच मिनिटं असली तरी चालतील, पण ती फोनवरच्या स्टेटसमधून आलेल्या वचनावर भागवू नकोस. कुणीतरी निवडून पाठवलेलं गोड वचन वाचणं आणि स्वतः शास्त्र वाचणं यांत फार अंतर आहे.

बायबलातली स्तोत्रसंहिता पहिल्यापासून क्रमानं वाच. रोज एक. दीडशे आहेत, पाच महिने पुरतील, मग पुन्हा पहिल्यापासून. निवडायचं नाही. निवडायला गेलं की आपण तेविसावं आणि एकशेएकविसावं या धीर देणाऱ्या स्तोत्रांच्याच भोवती फिरत राहतो, आणि राग, सूड, रडणं असलेली स्तोत्रं तशीच राहून जातात. ती तुला लागणार आहेत. नाइटला मात्र एकशेचौतिसावं तोंडपाठ असू दे. तीनच वचनं आहेत. रात्रीच्या वेळी परमेश्वराच्या घरात सेवेला उभं राहणाऱ्यांसाठी ते आहे. सगळं शहर झोपलेलं असताना सलाइन बघत फिरणाऱ्या मुलीनं ते आपलं मानलं तर काही चुकत नाही.

त्या लेकराबद्दल आता. तू लिहिलंस, "प्रार्थना करून काय उपयोग झाला?" आणि पुढे लगेच माफी मागितलीस. माझी माफी मागायला नको होती, आणि देवाचीही नको. हाच प्रश्न त्यालाच विचार. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र काढ. पहिल्या वचनात ते स्तोत्र म्हणणारा माणूस देवाला आपल्या तारणाचा देव म्हणतो. रोज सकाळी माझी प्रार्थना तुझ्यापुढे येते असं सांगतो. मग तू तोंड का लपवलंस, असं विचारतो. आणि उत्तर येत नाही. स्तोत्र अंधारातच संपतं. मंडळीनं ते काढून टाकलं नाही, शेवटी गोड वचन जोडलं नाही. प्रभू येशूनंही वधस्तंभावर बाविसाव्या स्तोत्रातलेच शब्द उच्चारले, देवानं आपला त्याग का केला, हे विचारणारे. ते लेकरू का गेलं, हे मला माहीत नाही. इतकी वर्षं वॉर्डात काढूनही मला याचं उत्तर मिळालेलं नाही, आणि जे लोक चटकन उत्तर देतात त्यांचं मी ऐकत नाही. पण विचारताना तोंड देवाकडेच ठेव. त्या आईसाठी प्रार्थना कर. तुझे शब्द संपलेत तर स्तोत्राचे वापर, त्यासाठीच ते आहेत.

दुसरं, तुझी झोप. हसू नकोस, हीही विश्वासाचीच गोष्ट आहे. कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरलेला एलीया संदेष्ट्यानं डोळ्यांनी पाहिला, आणि लगेच पुढच्या अध्यायात तो रतामाच्या झुडुपाखाली बसून मरण मागतोय. देवदूत आला तो उपदेश करायला नाही. त्यानं निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू पुढे ठेवला. एलीया जेवला, पुन्हा झोपला. दूत दुसऱ्यांदा आला तोही खाऊ घालायला. मग पुढची वाट. नाइटनंतर आधी काहीतरी खा, झोप, आणि उठल्यावर वाच. पेंगत वाचलेल्या चार अध्यायांपेक्षा जागेपणी वाचलेलं एक स्तोत्र बरं. सलग तीन नाइट झाल्या की मला देव दूर गेल्यासारखाच वाटायचा, झोप पुरी झाली की निम्मं दूरपण सरायचं.

वॉर्डात कुणाला उपदेश करत फिरू नकोस. खाटेवर पडलेला माणूस उठून जाऊ शकत नाही, त्याच्या त्या अवस्थेचा फायदा घेणं मला कधीच पटलं नाही. कुणी होऊन विचारलं, तुम्ही इतक्या शांत कशा, तर लाजू नकोस, सांग. एरवी तुझा विश्वास चार्टवर दिसू दे. न मोजता पल्स लिहू नकोस. पहाटे चारला सगळेच मागच्या आकड्याच्या आसपासचा आकडा टाकतात, कुणी बघत नाही. तू मोज. ज्या आजोबांना दर अर्ध्या तासाला पाणी हवं असतं आणि जे सगळ्यांना शिव्या देतात, त्यांच्या हाकेला आधी जा. हात धुताना एकेका खाटेचं नाव मनात घेऊन प्रार्थना कर. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, सगळ्यांसाठी.

आणि मंडळी सोडू नकोस. एकटीच्या विश्वासाला फार दिवस दम निघत नाही. यूट्यूबवरचं प्रवचन कितीही चांगलं असलं तरी तू आली नाहीस हे त्या पाळकांना कळत नाही. तुझ्या शहरात मराठी मंडळी आहे, तिथल्या पाळकांना भेट, ड्यूटीचा कागद दाखव आणि आठवड्यातली घरगुती प्रार्थनासभा कुठे भरते ते विचार. तिथे 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातली गीतं म्हणतील. कवी ना. वा. टिळकांची दोन-तीन तरी पाठ करून ठेव. बोलायला शब्द नसतात तेव्हा चालीवर शब्द येतात, हा माझा अनुभव आहे. प्रभुभोजनाचा रविवार आधी विचारून घे आणि सुट्टीचा अर्ज त्याप्रमाणे टाक. नाताळची सुट्टी दुसरीला देऊन टाकलीस तरी चालेल, ती बदल्यात हा रविवार आनंदानं घेऊ देईल. होस्टेलमध्ये तुझ्यासारखी एखादी ख्रिस्ती मुलगी असेलच. रोज नको, आठवड्यातून एकदा तिच्याबरोबर बसून प्रार्थना करा. ज्या दिवशी तुला जमणार नाही त्या दिवशी ती तुझ्यासाठी करेल.

पुढच्या महिन्याचा ड्यूटी-रोस्टर लागला की मला पाठव. तुझ्या नाइट कोणत्या ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडून ठेवते. म्हातारपणी तशीही झोप लवकर मोडते, तीन-साडेतीनला मी जागीच असते. त्या वेळी तुझ्यासाठी आणि तुझ्या वॉर्डासाठी प्रार्थना करीन. त्या आईचं नाव माहीत असेल तर तेही कळव.

प्रभूमध्ये तुझी,
मावशी