बीबीसीची ‘रिस्टोरेशन’ मालिका बघून जुना वाडा दुरुस्त करता येईल का?

मालिका जरूर बघा, पण वाडा दुरुस्त करायला तिचा उपयोग नाही. २००३ साली सुरू झालेला तो मुळात स्पर्धेचा कार्यक्रम. पडायला आलेल्या इमारती दाखवायच्या, प्रेक्षकांनी फोनवरून मत द्यायचं, जिंकेल तिला दुरुस्तीचा पैसा. सूत्रसंचालक ग्रिफ रीस जोन्स बोलतो झकास, पण बघण्यासारखी जोडी टॉलेमी डीन आणि मॅरिॲन सूर यांची. हे दोघं भिंती-छपरं तपासत हिंडतात. पहिल्या वर्षी मँचेस्टरचे व्हिक्टोरिया बाथ्स जिंकले. १९०६ साली उघडलेलं हे स्नानगृह १९९३ मध्ये बंद पडलं होतं. पहिल्या वर्गाचे पुरुष, दुसऱ्या वर्गाचे पुरुष आणि बायका यांना दरवाजे वेगळे. (सोवळ्याओवळ्याचा मक्ता आपल्याकडेच नव्हता तर!) तीस लाख पौंडांहून जास्त मिळाले, तरी त्यात सगळी इमारत झाली नाही. तुमच्या वाड्याचं अंदाजपत्रक करताना हे लक्षात असू द्या.

आता जुन्या वाड्याला लागतो त्या चुन्याबद्दल. आमचा वाडा सामायिक, सातारा जिल्ह्यात. गाव सांगत नाही, भाऊबंदही इथे वाचतात. जोतं घडीव काळ्या दगडाचं, वर भाजक्या विटा, सागवानी खांब. सोप्याच्या भिंतीला ओल आली तेव्हा थोरल्या चुलतभावाने, दादाने, कुणाला न विचारता गवंडी लावला. जुना चुन्याचा गिलावा खरवडून सिमेंटचा चढवला. तेवढ्यावर थांबला असता तरी नुकसान थोडं कमी झालं असतं. पण शेणाची जमीन गावंढळ दिसते म्हणून सिमेंटचा कोबा घातला, आणि तो पार तळखड्याच्या, म्हणजे खांबाखालच्या दगडाच्या, वर आणला. अरे, तळखडा असतो कशाला? लाकडाचा पाय ओलीपासून वर धरायला. त्यालाच पुरलं!

पुढे पोपडे सुटले. सिमेंट शाबूत आणि मागची वीट बोटाने भुगा होतेय, असा प्रकार. जमिनीतून चढलेली ओल चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर पडून वाळते. सिमेंटने ती वाट अडवली की ओल विटेतच बसते, क्षार आत साठतात आणि वीट पोखरली जाते. खांबाभोवतीचा कोबा मी फोडून घेतला, तर लाकडात पेचकस मुठीपर्यंत गेला. दादा म्हणतो, सागच हलका होता. आजोबांच्या आजोबांनी उभा केलेला साग कोबा घातल्यावरच हलका कसा झाला, हे त्याने अजून सांगितलेलं नाही.

कुजलेला भाग कापून खाली नव्या सागाचा जोड दिला, तळखडा मोकळा केला. कळीचा (न विझवलेला) चुना भिजवून मुरवला आणि त्याचाच गिलावा केला. जुन्या हाताचा गवंडी शोधण्यातच निम्मा जीव गेला. तो भर पावसाळ्यात काम धरेना, आणि बरोबरच होतं त्याचं. चुना सावकाश धरतो, भर उन्हात सुकू दिला तर तडकतो. ओली पोती टाकून राखावा लागतो.

टीव्हीपेक्षा भायखळ्याला जाऊन भाऊ दाजी लाड संग्रहालय बघा. १८७२ ची इमारत, जतनाच्या कामाला २००५ साली युनेस्कोचा पुरस्कार मिळालाय. नीट केलेलं काम कसं दिसतं ते तरी कळेल.

हो, सिमेंट सगळीकडे वाईट असं मी म्हणत नाही. आरसीसीच्या घराला चुन्याचे सोहळे करू नका. आणि तुळयांना वाळवी लागली असेल तर माझं काय किंवा मालिकेचं काय, ऐकत बसू नका. आधी इंजिनिअरला दाखवा, खाली टेकू द्या.

वाडा सामायिक असेल तर मात्र चुना भिजवायच्या आधी सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या घ्या, कुणी किती द्यायचे त्या आकड्यासकट. दादा माझा खर्च हिशेबात धरायला तयार नाही. म्हणतो, चुना तुझी हौस. स्वतःच्या कोब्याचे पैसे मात्र त्याने सामायिक खर्चात लावलेत.