बाइक अपघातानंतर भावाच्या चेहऱ्यावर व्रण राहिलेत. चार महिने झाले, तो घराबाहेर पडत नाही. काय करावं?

टाके निघाले की सुटला, असं घरच्यांना वाटतं. पण झोपमोड, चिडचिड, हॉर्न ऐकला की दचकणं, त्या रस्त्याने जायचंच नाही हा हट्ट, हे महिन्याभरापेक्षा जास्त टिकलं तर पीटीएसडी (मोठ्या धक्क्यानंतर जडणारा मानसिक आजार) असू शकतो. त्यावर उपचार आहेत. व्रण केवढा, यावर त्रास ठरत नाही. भुवईजवळच्या बारीक खुणेपायीही माणूस लग्नकार्य, सेल्फी, दाढीचा आरसा टाळू लागतो.

चार महिन्यांचा व्रण लालसर, टणक असणं नेहमीचंच. तो निवळायला वर्ष-दीड वर्ष लागू शकतं, हे त्याला प्लास्टिक सर्जनच्या तोंडून ऐकू द्या. ‘काही दिसत नाही रे’ म्हणू नका, आरसा त्याच्याकडेही आहे. ‘आता लग्नाचं कसं?’ विचारणाऱ्या नातेवाइकांना मात्र दारातच थोपवा.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत सोबत जा, एवढ्यापासून सुरुवात करा. मानसोपचारतज्ज्ञाकडे यायला तयार नसेल तर टेली मानस ही मानसिक आरोग्याची फोन हेल्पलाइन आहे, १४४१६: सरकारी, मोफत, चोवीस तास, मराठीतही. मरणाची भाषा करू लागला तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.