वाचक विचारतात : दोन संघटनांची एक करायची तर

प्रश्न : आमच्या जिल्ह्यात फिजिओथेरपिस्टांच्या दोन नोंदणीकृत संघटना आहेत. विलीनीकरणाला दोन्ही कार्यकारिणींनी होकार दिला. तेवढा ठराव पुरेसा आहे का?

उत्तर : नाही. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० च्या कलम १२ नुसार निर्णय सदस्यांचा असतो. कार्यकारिणीने लेखी प्रस्ताव तयार करून विशेष सभेच्या किमान १० दिवस आधी प्रत्येक सदस्याला पाठवायचा. सभेत एकूण सदस्यांपैकी तीन पंचमांश मते हवीत आणि एक महिन्याच्या अंतराने दुसऱ्या विशेष सभेत हजर सदस्यांच्या तीन पंचमांश मतांनी पुष्टी हवी. दोन्ही संघटनांनी हे स्वतंत्रपणे करायचे.

गाडी अडते ती सदस्ययादीपाशी. पहिल्या सभेचा हिशेब हजेरीवर नव्हे, एकूण यादीवर धरा : २०० सदस्य असतील तर १२० मते. मात्र वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकलेला सदस्य कलम १५ प्रमाणे मोजला जात नाही. म्हणून आधी थकबाकी तपासून यादी अद्ययावत करा, नाहीतर नाराज गट नेमके इथेच बोट ठेवतो, आणि ते रास्तही असते.

महाराष्ट्रात अशा संस्था सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदलेल्या असतात. त्यामुळे पुढे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ५०अ खाली सामाईक योजनेसाठी, म्हणजे एकत्र कारभाराच्या नियमावलीसाठी, धर्मादाय कार्यालयाकडे जावे लागते. जुने फेरफार अर्ज (विश्वस्त किंवा मालमत्तेतील बदल नोंदवण्याचे) प्रलंबित असतील तर ते आधी मार्गी लावा.

आजीव सदस्यांचे हक्क आणि पहिल्या कार्यकारिणीतील जागावाटप मात्र प्रस्तावातच लिहा. तोंडी आश्वासनावर कोणालाही मत द्यायला लावू नका.